धातूच्या अंगावरचा पापुद्रा : मारक की तारक?

आपल्या घरात लोखंडाची विळी असते. रात्री भाजी चिरून ती ओली तशीच राहिली, तर सकाळी तिच्या पात्यावर तांबूस डाग दिसतो. आपण म्हणतो, गंज चढला. त्याच घरात ॲल्युमिनियमचे पातेलेही असते. ते रोज पाण्यात असते, रोज चुलीवर चढते, पण वर्षानुवर्षे टिकते. त्याला गंज का चढत नाही?

खरे सांगायचे तर त्यालाही चढतो! ॲल्युमिनियमला हवा लागली की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत त्याच्यावर एक पापुद्रा तयार होतो. तो इतका पातळ असतो की साध्या डोळ्यांना दिसत नाही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले जेमतेम दोन ते चार भाग, एवढीच त्याची जाडी. काथ्याने पातेले घासले की पापुद्रा निघतो आणि घासता घासताच नवा तयार होतो. तो धातूला घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूपर्यंत हवा पोहोचू देत नाही. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो खपल्या होऊन गळतो, आतले लोखंड पुन्हा उघडे पडते आणि पुन्हा गंजते.

म्हणजे एकच क्रिया एका धातूला खाऊन टाकते, तर दुसऱ्याचे रक्षण करते. हवेतील ऑक्सिजन आणि धातू यांच्या संयोगातून होणाऱ्या या थराला ऑक्साइड म्हणतात. मोटारीच्या सायलेन्सरपासून खताच्या कारखान्यापर्यंत हा थर कधी आपल्यासाठी राबतो, कधी आपल्या जिवावर उठतो. म्हणून तो तयार कसा होतो, हे कामगाराच्या घरात माहीत असले पाहिजे.

मध्यस्थ धातू

काही धातू रासायनिक क्रियेत मध्यस्थाचे काम करतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरच्या मंडळींना एकत्र बसवतो, बोलणी जमवून देतो आणि स्वतः तसाच्या तसा पुढच्या घरी जातो. तसेच हे धातू दोन वायूंना आपल्या पृष्ठभागावर एकत्र आणतात, त्यांचा संयोग घडवतात आणि पुढच्या जोडीसाठी मोकळे होतात. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये या क्रियेला नाव दिले.

आपल्या रोजच्या जगण्यातला उत्प्रेरक म्हणजे मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पेट्रोल अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही आणि माणूस गुदमरून मरतो. कन्व्हर्टरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोके असलेला चिनीमातीसारखा ठोकळा असतो. त्याच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या महाग धातूंचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात, सगळे मिळून थोडे ग्रॅम. या कणांवर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन एकत्र येतात व कार्बन डायऑक्साइड बनून बाहेर पडतात.

आपल्या देशात एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिसे धातूच्या कणांवर बसले की कन्व्हर्टर कायमचा निकामी होतो. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे कडक नियम सगळीकडे लागू झाले आणि आज मोटारसायकल-स्कूटरच्या सायलेन्सरमध्येही कन्व्हर्टर असतो.

थर चढतो तो असा

फळवाल्याच्या गाडीवर मोसंबी कशी रचलेली असतात ते आठवा. धातूचे अणू साधारण तसेच रचलेले असतात. ढिगाच्या पोटातल्या मोसंब्याला चहूबाजूंनी शेजारी असतात, पण सगळ्यात वरच्याला वरच्या बाजूने कोणी नसते. पृष्ठभागावरच्या अणूचेही तसेच. त्याची दुसऱ्या अणूला धरण्याची शक्ती थोडी शिल्लक राहिलेली असते. तिथेच ऑक्सिजन येऊन अडकतो.

हवेतील ऑक्सिजन जोडीने राहतो. दोन अणूंचा मिळून एक रेणू. हा रेणू गरम धातूवर उतरला की जोडी फुटते. प्रत्येक अणू धातूच्या अणूंमधल्या खोबणीत जाऊन बसतो. ही पहिली पायरी. या वेळी धातूचे अणू आपापल्या जागी असतात. ऑक्सिजन फक्त वर बसलेला असतो, ओट्यावर पाहुणे बसावेत तसा. याला अजून ऑक्साइड म्हणता येत नाही.

ऑक्सिजन येतच राहिला तर ओट्यावर दाटी होते. शेजारी बसलेले ऑक्सिजनचे अणू एकमेकांना ढकलू लागतात. मग नव्याने आलेले काही अणू पृष्ठभागाच्या खाली शिरतात. धातूचे अणू आपल्या जागेवरून उचकटले जातात आणि धातू व ऑक्सिजन यांची वेगळीच नवी रचना उभी राहते. ही दुसरी पायरी, आणि खरे ऑक्साइड येथे जन्माला येते. ते सगळीकडे एकदम होत नाही. आधी पायऱ्या, कडा, खाचा अशा जागी लहान लहान बेटे तयार होतात. बेटे पसरतात, एकमेकांना मिळतात आणि पृष्ठभाग झाकला जातो.

तिसरी पायरी जाडीची. पापुद्र्याने धातू झाकल्यावर वरचा ऑक्सिजन आणि खालचा धातू यांची भेट कशी व्हावी? याचे उत्तर निकोलास काब्रेरा आणि नेव्हिल मॉट यांनी १९४९ मध्ये दिले. पापुद्रा पातळ असेपर्यंत धातूतील इलेक्ट्रॉन तो ओलांडून वरच्या ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. त्यामुळे वरची बाजू ऋण, खालची बाजू धन अशी विजेची ओढ निर्माण होते. ही ओढ धातूचे भारित अणू पापुद्र्यातून खेचून घेते आणि थर वाढतो. पण थर जसा जाड होतो तशी ओढ कमी होते आणि काही काळाने वाढ जवळजवळ थांबते. आपल्या पातेल्यावरचा पापुद्रा एवढ्याशा जाडीवर थांबतो तो यामुळेच. तापमान पुष्कळ वाढवले तर मात्र अणू उष्णतेच्या बळावर हळूहळू सरकत राहतात आणि थर जाड होत जातो.

रुथेनियमने शिकवलेला धडा

पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की उत्प्रेरक धातू स्वच्छ असेल तेव्हाच तो काम करतो. ऑक्साइडचा थर म्हणजे मळ, तो चढला की धातू मेला. या समजुतीला रुथेनियम नावाच्या धातूने धक्का दिला.

पृष्ठभागाचा अभ्यास करायचा तर तो स्वच्छ हवा. पण साध्या हवेत प्रत्येक अणूवर दर सेकंदाला कोट्यवधी रेणू आपटत असतात. तेथे स्वच्छता टिकणार कशी? म्हणून शास्त्रज्ञ धातूचा तुकडा पोलादी पात्रात ठेवतात आणि आतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतात. अशा निर्वात पात्रात रुथेनियमवर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन सोडले, तर संयोग फारच मंद होई. निष्कर्ष निघाला की रुथेनियम या कामाला नालायक.

१९८६ मध्ये अमेरिकेत पेडेन आणि गुडमन या दोघांनी हाच प्रयोग वायूंचा दाब पुष्कळ वाढवून केला. तेव्हा नालायक ठरलेला रुथेनियम प्लॅटिनमच्या कुळातील इतर धातूंच्याही पुढे गेला! धातू तोच, वायू तेच. मग फरक कशाने पडला?

याचा उलगडा २००० मध्ये झाला. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतील हर्बर्ट ओव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधन प्रसिद्ध केले. भरपूर ऑक्सिजन मिळाला की रुथेनियमवर रुथेनियम डायऑक्साइडचा थर उगवतो आणि खरे काम हा थरच करतो, असे त्यांनी दाखवले. स्वच्छ रुथेनियम ऑक्सिजनच्या अणूला इतका घट्ट धरून ठेवतो की तो कार्बन मोनॉक्साइडला मिळू शकत नाही. ऑक्साइडमध्ये काही ऑक्सिजन अणू सैल बसलेले असतात. शेजारच्या मोकळ्या जागेवर कार्बन मोनॉक्साइड येऊन बसतो, थरातलाच एक ऑक्सिजन उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. थराला पडलेली भोके हवेतील ऑक्सिजन पुन्हा भरून काढतो. थर रोज झिजतो, रोज भरतो.

या संशोधनात गेरहार्ड एर्टल हे ज्येष्ठ शास्त्रज्ञही सहभागी होते. धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया कशा घडतात हे पायरीपायरीने उलगडून दाखवल्याबद्दल त्यांना २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले त्या दिवशी, १० ऑक्टोबरला, त्यांचा ७१ वा वाढदिवस होता.

या गोष्टीत एक बोध आहे. कामगाराची परीक्षा कामाच्या जागीच घ्यावी लागते. रिकाम्या, बंद खोलीत बसवून त्याला नालायक ठरवणे चूक. धातूचेही तसेच आहे.

प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा

मात्र यावरून ‘ऑक्साइड चढला की उत्प्रेरक सुधारतो’ असाही नियम काढू नये. प्लॅटिनम आणि पॅलॅडियमवर पातळ ऑक्साइड चांगले काम करते की उघडा धातू, यावर शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे वाद झाले. उलट ऱ्होडियमचे पाहा. कन्व्हर्टर फार तापला आणि त्याच वेळी धुरात ऑक्सिजन जास्त असला, तर ऱ्होडियमचे ऑक्साइड खालच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या अस्तरात मुरते आणि कामातून जाते. रुथेनियमचाही दोष आहेच. तो फार तापला की त्याचे ऑक्साइड वायुरूप होऊन उडून जाते. म्हणूनच एवढा कामसू धातू मोटारीच्या कन्व्हर्टरमध्ये वापरत नाहीत.

कन्व्हर्टरमध्ये सेरियम ऑक्साइड नावाचा आणखी एक पदार्थ असतो. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की तो साठवून ठेवतो आणि कमी पडला की आपल्याजवळचा देतो. सुगीत कणगी भरावी आणि अडीअडचणीला त्यातले काढावे, तसे त्याचे काम.

आणि गाडी थंड असताना काय होते? तेव्हा कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवरच्या सगळ्या जागा अडवून बसतो. त्याला बसायला एक जागा पुरते. ऑक्सिजनच्या जोडीला मात्र फुटण्यासाठी शेजारशेजारच्या दोन रिकाम्या जागा लागतात. गर्दीच्या लोकलमध्ये एकट्या माणसाला कशीबशी जागा मिळते, जोडीने आलेले मात्र उभेच राहतात. तसेच हे. कन्व्हर्टर साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापला की कार्बन मोनॉक्साइड जागा सोडू लागतो आणि काम सुरू होते. तोपर्यंतचा धूर विषारीच असतो.

कारखान्यातील आग

आता कामगार बांधवांच्या जिवाशी निगडित असलेली गोष्ट. ऑक्साइड तयार होताना उष्णता बाहेर पडते. विळीवर गंज चढतो तेव्हाही पडते, पण ती इतकी थोडी आणि इतकी सावकाश की हाताला जाणवत नाही. धातूचा पृष्ठभाग प्रचंड असेल तर काय होईल?

ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यांत अमोनिया तयार होतो. अमोनिया तयार करण्याचा उत्प्रेरक म्हणजे लोखंड. तो मुळात लोखंडाचे ऑक्साइड म्हणून पात्रात भरतात. मग गरम हायड्रोजनच्या मिश्रणाने त्यातला ऑक्सिजन काढून घेतात. ऑक्सिजन गेलेल्या जागा पोकळ राहतात आणि उरते ते सच्छिद्र, भुकेले लोखंड. वनस्पती तूप तयार करण्यासाठी तेलावर हायड्रोजनची क्रिया करतात, तेथे निकेल लागते. अमेरिकेचे मरे रेनी यांनी १९२० च्या दशकात स्पंजासारखे निकेल तयार केले. त्याच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग उलगडला, तर सुमारे १०० चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत दहा बाय दहाच्या दहा खोल्यांची जमीन!

अशा धातूला एकदम हवा लागली की सगळ्या पृष्ठभागावर एकाच वेळी ऑक्साइड चढते, सगळी उष्णता एकदम निघते आणि काडी न ओढता तो पेट घेतो. म्हणून रेनी निकेल पाण्याखाली ठेवतात. सांडलेली भुकटी वाळली की तीच जागा आगीची.

यावर उपाय आहे तोही ऑक्साइडचाच. अमोनियाचा जुना उत्प्रेरक काढण्यापूर्वी पात्र थंड करतात आणि आतून नायट्रोजन वाहता ठेवतात. त्यात अगदी थोडी हवा मिसळतात, तापमान पाहत पाहत ती सावकाश वाढवतात. लोखंडाच्या कणांवर पातळ पापुद्रा चढतो आणि पातेल्यावरच्या पापुद्र्यासारखा आतल्या धातूला झाकतो. घाई केली तर तोच पापुद्रा आग लावतो. सबुरीने चढवला तर राखण करतो.

काही ठिकाणी पापुद्रा न चढवता नायट्रोजन भरलेल्या पात्रातूनच माल काढतात. अशी कामे पुष्कळदा कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतात. पत्नीने, मुलांनी आणि स्वतः कामगारानेही हे नीट लक्षात ठेवावे. नायट्रोजन विषारी नाही, त्याला वासही नाही. पण ज्या पात्रात फक्त नायट्रोजन आहे, तेथे दोन-चार श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो. धोक्याची जाणीव होण्यापूर्वीच तो कोसळतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर बाहेरून नळीने हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय पात्रात उतरू नये. नाकातोंडाला बांधलेला साधा रुमाल किंवा गाळणीचा मास्क येथे काहीच कामाचा नाही. उतरण्यापूर्वी मोजणी झाली का, लेखी परवाना आहे का, तोंडाशी दुसरा माणूस उभा आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि आत कोणी पडला तर त्याला काढण्यासाठी तसेच उडी घेऊन आत जाऊ नये. मुखवटा लावलेल्या, शिकवलेल्या माणसानेच जावे. अशा अपघातांत वाचवायला गेलेलाही जीव गमावतो.

घरात आणि गॅरेजमध्ये

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांनीही काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शटर ओढून आत इंजिन चालू ठेवू नये. कन्व्हर्टर आहे म्हणून धूर निर्धोक झाला, असे समजू नये. थंड इंजिनाच्या धुराबद्दल वर सांगितलेच आहे. ‘पिकअप वाढतो’ म्हणून कन्व्हर्टर काढून टाका असे कोणी म्हटले तर ऐकू नये. तो काढला की रस्त्यावरच्या लेकरांच्या नाकात तोच धूर जातो.

घरात थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या बंद करून झोपू नये. शेगडीला कन्व्हर्टर नसतो. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून दूर ठेवावा. डोके जड झाले, मळमळले, घरातल्या दोघा-तिघांना एकदमच तसे वाटले, तर सर्वांनी प्रथम मोकळ्या हवेत यावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

मुलांनो, शाळेच्या पुस्तकात ऑक्सिडीकरण हा शब्द येतो तेव्हा तो परीक्षेपुरता पाठ करू नका. विळीवरचा डाग पाहा, आईच्या पातेल्याकडे पाहा, तांब्याचा तांब्या चिंचेने घासताना तिचा आंबटपणा वरचा काळसर थर कसा विरघळवतो ते पाहा. मग घरात विचारा, बाबा ज्या पात्रात उतरतात त्यातल्या धातूवर पापुद्रा चढवला होता का? आत ऑक्सिजन मोजला होता का? पुस्तकातल्या त्या एका शब्दाने कोणाच्या तरी बापाला संध्याकाळी सुखरूप घरी आणले, तर ते शिक्षण सार्थकी लागले.